थाळा कसा फुटला?

रँडॉल्फ कॉल्डेकॉट या इंग्रज चित्रकारानं १८८२ साली लहान मुलांसाठी एक पातळसं पुस्तक काढलं. त्यात ‘हे डिडल डिडल’ हे जुनं बडबडगीत आहे. आपल्याकडच्या इंग्रजी माध्यमाच्या बालवाड्यांतही ते म्हटलं जातं. फिडल वाजवणारं मांजर, चंद्रावरून उडी मारणारी गाय, ते पाहून हसणारं कुत्रं आणि चमचीला घेऊन पळून जाणारा थाळा. एवढ्यावर गाणं संपतं. कॉल्डेकॉटचं पुस्तक मात्र संपत नाही. पान उलटलं की आणखी एक चित्र समोर येतं आणि त्याच्यासोबत एकही शब्द नसतो. चिनी मातीचा थाळा तुकडे होऊन पडला आहे, आणि चमचीला तिचे आईवडील, म्हणजे काटा आणि सुरी, घरी घेऊन चालले आहेत.

गाण्यात थाळा फुटतच नाही. चमचीला आईवडील असल्याचंही गाणं सांगत नाही. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी म्हटलेल्या त्या ओळींना ‘मग पुढे काय झालं?’ असं कॉल्डेकॉटनं विचारलं, आणि उत्तर देता देता मुलांसाठी नवा प्रश्न ठेवून दिला. थाळा फुटला कसा? पळताना ठेचकाळून पडला, की काट्या-सुरीनं गाठून फोडला? चित्र सांगत नाही. ज्यानं त्यानं आपापल्या मांडीवरच्या मुलाशी बोलून ठरवायचं.

त्याच पुस्तकात ‘बेबी बंटिंग’ हे दुसरं गाणं आहे. बाबा शिकारीला गेलेत, बाळाला गुंडाळायला सशाचं कातडं आणणार आहेत, बस्स. चित्रांत मात्र बाबांना शिकार साधत नाही, आणि शेवटी ते गावातल्या दुकानातून कातडं विकत आणतात! गाण्याच्या शब्दाला धक्का नाही, पण बापाचं गुपित चित्रानं फोडलं. मग ते कातडं अंगावर घालून बाळ आईबरोबर फिरायला निघतं आणि वाटेत त्याला खरेखुरे ससे दिसतात. बाळ त्यांच्याकडे टक लावून पाहतं. मॉरिस सेंडाक या थोर अमेरिकन चित्रकारानं त्या नजरेवर मोठ्या प्रेमानं लिहिलं आहे. आपल्या अंगावरची ऊब कुठून आली, हे त्या बाळाला तिथे उमगायला लागलंय, असं त्याला वाटलं. चार ओळींच्या गाण्यातून एवढं निघतं, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

कॉल्डेकॉट आधी बँकेत कारकून होता. एडमंड इव्हान्स हा लाकडी ठशांवरून रंगीत छपाई करणारा लंडनचा मुद्रक त्याला भेटला आणि १८७८ ते १८८५ या काळात दोघांनी मिळून दरवर्षी नाताळाला दोन, अशी १६ पुस्तकं काढली. किंमत एक शिलिंग. १८८६ मध्ये चाळिशीच्या आतच कॉल्डेकॉट गेला. अमेरिकेत उत्तम चित्रपुस्तकाला १९३८ पासून जे पदक देतात, ते त्याच्याच नावाचं आहे.

पण मुळात लोकगीतांत इतक्या मोकळ्या जागा येतात कुठून? आयोना आणि पीटर ओपी या इंग्रज जोडप्यानं आपलं आयुष्य बालगीतांच्या शोधात घातलं. त्याची सुरुवात शेताच्या कडेनं फिरताना झाली. हातावर एक लेडीबर्ड किडा आला, दोघांच्या तोंडून आपसूक लहानपणीचं एक गाणं निघालं, आणि हे आपल्याला कुणी शिकवलं, ते आलं कुठून, असा प्रश्न पडला. त्या प्रश्नातून १९५१ साली ऑक्सफर्डचा बालगीतांचा कोश उभा राहिला. त्यात ५०० हून अधिक गाणी आहेत. तो चाळताना एक गोष्ट स्पष्ट दिसते. तोंडातून तोंडात जाताना गाण्यातली कारणं गळून पडतात, ठेका आणि यमक टिकतं. कोण, का, केव्हा हे विसरलं जातं. जिभेला गोड लागतं ते राहतं. म्हणून गाय चंद्रावरून उडी का मारते याचं उत्तर नसतं, आणि तरी दोनशे-तीनशे वर्षं ती उडी मारतच राहते.

बंगालमध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी १८९४ च्या सुमारास ‘छेलेभुलानो छडा’, म्हणजे मुलांना रिझवणारी गाणी, यांच्यावर एक अप्रतिम निबंध लिहिला. या गाण्यांना त्यांनी ढगांची उपमा दिली. दोन्ही सतत आकार बदलतात, वाऱ्यावर जातात, कुणाच्या बंधनात नसतात. पावसावरचं एक गाणं आपल्या बालपणीचं मेघदूत होतं, असं त्यांनी पुढे आठवणींत म्हटलं आहे. पाच वर्षांनी, १८९९ मध्ये, जोगींद्रनाथ सरकारांनी ‘खुकुमणिर छडा’ हा बंगाली लोकगीतांचा सचित्र संग्रह मुलांच्या हाती दिला.

इथे एक शंका येते आणि ती मला खरी वाटते. गाणं जर ढगासारखं असेल, तर त्याचं चित्र काढणं म्हणजे त्याला खिळा ठोकणं नाही का? प्रत्येक मुलाच्या मनातला चांदोबा वेगळा असतो. छापील चांदोबा दाखवला की बाकीचे सगळे मावळणार. पुष्कळ पुस्तकांत हेच होतं. पाऊस म्हटला की छत्री, चांदोबा म्हटला की गोल हसरा चेहरा, चिऊ म्हटली की चिमणीचं ओळखपत्र काढावं तसं चित्र. ओळीत जे आहे तेच शेजारी पुन्हा. अशी चित्रं नसलेली बरी, असं मी म्हणेन. आजीचा आवाज त्याहून पुष्कळ काही दाखवतो.

चांगलं चित्र ओळीतला शब्द सोडून त्या शब्दांमधल्या पोकळीत शिरतं. आपल्याकडे पावसाला पैशाचं आमिष दाखवणारं गाणं घराघरांत आहे. पैसा खोटा निघतो, तरी पाऊस येतोच, तोही मोठा. केवढी मोठी गोष्ट आहे ही! पैसा देऊ करणारं कोण? तो खोटा होता हे त्याला माहीत होतं की नव्हतं? आणि फसवलं जाऊनही पाऊस का आला? आता समजा, ढगाआडून एक हात खाली आलाय, नाणं उलटसुलट करून पाहतोय, आणि अंगणात एक मुलगी दोन्ही हात पाठीमागे लपवून वर बघत उभी आहे. पुढच्या पानावर शब्द नाहीत. त्या मुलीच्या घरातली सगळी भांडी गळणाऱ्या छपराखाली मांडलेली आहेत. असं चित्र पाहणारं मूल आपला ढग हरवून बसणार नाही. त्याला बोलायला शंभर गोष्टी सापडतील.

आणि खरं सांगायचं तर लोकगीतांना चित्रांची सोबत छापखान्यानं दिलेली नाही. त्याआधीही ती चित्रं काढली जात होती, कागदाऐवजी बाळाच्या अंगावर. तळहातावर बोट टेकवत मोराला बसायला बोलावणारा आपला खेळ आठवा. मोर येतो, बाळ त्याला दाणापाणी देतं आणि तो भुर्रकन उडून जातो. मोर कुठेच नसतो आणि वर्षाच्या बाळाला तो दिसत असतो. रशियात हाच खेळ मॅगपाय पक्ष्यावर आहे. तळहातावर गोल बोट फिरवत पक्षीण लापशी शिजवते, एकेक बोट धरत एकेका पिल्लाला वाढते आणि कामचुकार निघालेल्या शेवटच्या पिल्लाला काहीच देत नाही.

या गाण्यांचं कागदावरचं सर्वांत तेजस्वी रूप मला युरी वास्नेत्सोव्ह या रशियन चित्रकारात दिसतं. तो १९०० साली व्यात्का शहरात जन्मला. त्या गावाजवळची दिम्कोवोची मातीची खेळणी प्रसिद्ध आहेत. पांढऱ्या अंगावर भडक ठिपके आणि पट्टे असलेले घोडे, मेंढे, फुगीर झग्यातल्या बायका. वास्नेत्सोव्हच्या डोळ्यांत ती जत्रा आयुष्यभर राहिली. लोकगीतांची त्याची दोन पुस्तकं, १९६४ चं ‘लादुश्की’ आणि १९६९ चं ‘रादुगा-दुगा’, उघडली की आधी रंग अंगावर येतो. पानाची पार्श्वभूमी पांढरी राहतच नाही. कुठे सगळं पान पिवळं, कुठे लाल, कुठे गडद निळी रात्र. त्यात कपडे घातलेले ससे, कोंबड्या, मांजरं. गाण्यातल्या प्राण्याला त्यानं घर, अंगण, झाडं, कपडे असं सगळं गाव दिलं. या दोन पुस्तकांसाठी त्याला १९७१ चं सोव्हिएत राज्य पारितोषिक मिळालं. १९७० आणि ८० च्या दशकांत ज्या मराठी घरांत लोकवाङ्मय गृहाच्या दुकानांतून स्वस्त, सुंदर रशियन पुस्तकं येत होती, त्या घरांतल्या मुलांना हे रंग परके वाटणार नाहीत.

आता पुस्तक मांडीवर येऊ दे. मांडी हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण या पुस्तकाचा अर्धा भाग तिथेच असतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी २००५ साली एक देखणा प्रयोग प्रसिद्ध केला. सात महिन्यांच्या बाळांना त्यांनी एकच ठेका ऐकवला, ज्यात कुठल्याही ठोक्यावर वेगळा जोर नव्हता. ऐकवताना काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्याला झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर जोर दिलेले दोन ठेके ऐकवले, तेव्हा बाळं आपण ज्या चालीत झुललो तोच ठेका जास्त वेळ ऐकत राहिली. डोळ्यांवर पट्टी बांधली तरी तेच झालं. पण बाळाला न झुलवता दुसऱ्याला झुलताना नुसतं पाहू दिलं, तर परिणाम दिसला नाही. म्हणजे ताल कानात शिरतो तो अंगातून. गुडघ्यावर बसवून घोडा घोडा करणारे आजोबा नातवंडाचा कान घडवत असतात.

याहून चकित करणारा प्रयोग १९९४ चा आहे. अँथनी डिकॅस्पर आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी गर्भवती स्त्रियांना ३३ व्या ते ३७ व्या आठवड्यापर्यंत रोज एक छोटं बालगीत मोठ्यानं म्हणायला सांगितलं. मग ते आणि एक अनोळखी बालगीत, दोन्ही परक्या बाईच्या आवाजात पोटाजवळ वाजवलं. ओळखीच्या गाण्याला पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके संथ झाले, म्हणजे ते लक्ष देऊ लागलं. अनोळखी गाण्याला तसं झालं नाही. आवाज आईचा नव्हता. बाळानं ओळखली ती त्या ओळींची चाल. जन्माच्या आधी माणसाला एक लोकगीत माहीत असू शकतं, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं काही वाचू शकलो नाही.

चित्राची ओळख मात्र उशिरा आणि धडपडत होते. ज्युडी डीलोच आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की नऊ महिन्यांची बाळं चित्रातली वस्तू खरीच समजून हात लावतात, चोळतात, उचलायला पाहतात. अमेरिकेतली बाळं तसं करतात आणि पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टच्या बेंग समाजातली बाळंही. साधारण १९ महिन्यांची होईतो हे थांबतं आणि त्या जागी बोट दाखवणं येतं. पकडायला गेलेला हात दाखवणारं बोट होतो, या एवढ्या बदलात मूल केवढं अंतर कापतं! हे गाय नाही, हे गायीचं काहीतरी आहे, आणि ते मी तुला दाखवू शकतो. म्हणून बाळानं पान ओरबाडलं, चाटलं, दुमडलं तर पुस्तक हिसकावून वर ठेवू नये. त्या वयाला जाड पुठ्ठ्याची पानं असलेलं पुस्तक द्यावं आणि त्याचं काम त्याला करू द्यावं.

आपण वाचतो तेव्हा मूल कुठे पाहतं? मेरी अ‍ॅन इव्हान्स आणि जाँ सेंतोबँ या कॅनडातल्या संशोधकांनी २००५ मध्ये डोळ्यांच्या हालचाली टिपून पाहिल्या. मोठं माणूस वाचत असताना शाळापूर्व वयाची मुलं छापील अक्षरांकडे जवळजवळ पाहतच नाहीत. डोळे चित्रात फिरत असतात. वाचणाऱ्यानं यावरून आपला वेग ठरवावा. चार ओळी म्हणायला दहा सेकंद लागतात, पण चित्र पाहायला मिनिट लागतं. ओळी संपल्या म्हणून पान उलटायची घाई करू नये, पुन्हा म्हणाव्यात. मुलाचं बोट ज्या कोपऱ्यातल्या उंदरावर गेलं, तो उंदीर गाण्यात नसला तरी त्या दिवशी गाणं उंदराचं आहे. आणि ‘हे काय आहे? ते काय आहे?’ अशी तोंडी परीक्षा नको. त्यापेक्षा ‘आता ही कुठे निघाली असेल?’ हा प्रश्न बरा, कारण त्याचं उत्तर विचारणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

तेच ते पुस्तक रोज मागणाऱ्या मुलाची काळजी करू नये. ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द असलेल्या गोष्टी वाचून दाखवल्या. वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्यांपेक्षा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्यांनी ते शब्द जास्त चांगले लक्षात ठेवले. लोकगीताच्या बाबतीत तर पुन्हा पुन्हा म्हणणं हाच त्याचा स्वभाव आहे. पाठ झाल्यावर एक खेळ जरूर करावा. यमकाच्या शब्दाआधी थांबायचं आणि मुलाकडे पाहायचं. तो शब्द मूल जवळजवळ ओरडून पुरा करतं.

त्या एका शब्दात वाचनाची सुरुवात आहे. ऑक्सफर्डमधल्या पीटर ब्रायंट, लिनेट ब्रॅडली आणि सहकाऱ्यांनी ६४ मुलांचा तीन वर्षं चार महिने या वयापासून सहा वर्षं तीन महिने होईपर्यंत मागोवा घेतला आणि १९८९ मध्ये निष्कर्ष मांडले. तिसऱ्या वर्षी ज्यांना बालगीतं जास्त येत होती, ती पुढे वाचायलाही चांगली शिकली. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण, मुलांची बुद्धिमत्ता हे सगळं हिशेबात धरूनही हा संबंध उरला. कारण कळायला अवघड नाही. ‘काऊ’ आणि ‘भाऊ’ यांचा शेवट सारखा आहे, सुरुवात वेगळी आहे, हे ज्याच्या कानाला लागलं, त्याला शब्द तुटतो हे कळलं. शब्द तुटतो हे ज्याला कळलं, त्याला अक्षर कशासाठी असतं ते समजतं.

आणि ‘हे सगळं निरर्थक शिकवायचं कशाला?’ असं विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांना कर्नेई चुकोव्स्कीची गोष्ट सांगावी. हा रशियन बालकवी मुलांची बोली वर्षानुवर्षं टिपून ठेवत असे. ‘दोन ते पाच’ या त्याच्या प्रसिद्ध पुस्तकात त्याच्या धाकट्या लेकीचा प्रसंग आहे. दोन वर्षांचीही नसलेली ती मुलगी एक दिवस त्याच्याकडे आली आणि डोळ्यांत खट्याळपणा आणून म्हणाली की कुत्रं म्याव करतं. मग खो खो हसली. कुत्रं भुंकतं हे तिला नुकतंच पक्कं कळलं होतं, म्हणून तर ते उलटं करायला मजा आली. उलट्या जगाची गाणी मुलांना सरळ जगाची खात्री देतात, असं चुकोव्स्कीनं त्यावरून मांडलं. चंद्रावरून उडी मारणारी गाय त्यालाच हसवते, ज्याला गाय उडत नाही हे माहीत आहे. अशा गाण्याचं चित्र दाखवताना ‘गाय खरंच उडते का रे?’ असं नुसतं विचारावं. मूल आपल्याकडे ज्या करुणेनं पाहतं ते बघण्यासारखं असतं.

मराठीत या कामाला अजून केवढी जागा आहे! गाण्यांचा तुटवडा नाही. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’ मध्ये ओव्या गोळा करून ठेवल्या, त्यांत बाळाच्या ओव्या भरपूर आहेत. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून गावोगावची बायकांची गाणी ग्रंथांत आणली. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकारानं जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या नोंदल्या गेल्या. त्यांतल्या मुलाबाळांच्या ओव्यांना आपला वास्नेत्सोव्ह मिळायचा आहे. वारलीच्या रेषा, चित्रकथीच्या पोथ्या, सावंतवाडीची लाखकामाची खेळणी, भोंडल्याच्या पाटावरचा हत्ती, सगळं हाताशी आहे.

तोवर बाजारात मिळेल ते बरं पुस्तक आणावं आणि घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाकडून ते म्हणवून घ्यावं. आजी छापलेली ओळ वाचेल आणि थांबेल. ‘आमच्याकडे असं नाही म्हणत’ असं म्हणून दुसरंच काही म्हणेल. कोकणातली आजी एक म्हणेल, विदर्भातली दुसरं, आणि लातूरहून आलेल्या आत्याकडे आणखी दोन कडवी निघतील. ती सगळी पेन्सिलीनं त्याच पानावर, चित्राच्या कडेनं लिहून ठेवावीत. खाली म्हणणाऱ्याचं नाव आणि गाव लिहावं, आणि नव्या कडव्यात नवा प्राणी आला असेल तर तो काढायला खडू मुलाच्या हातात द्यावा.